वर्गातला नकाशा आणि सातपुडा



दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की आठवीच्या वर्गाला आम्ही एक काम देतो. पुस्तक मिटायचे आणि आपल्या जळगाव जिल्ह्याचा नकाशा आठवणीने काढायचा. मुले बहुतेक शहरातली, मेहरूण आणि तांबापुऱ्याकडची, त्यामुळे नकाशेही ठरलेले. मधोमध जळगाव, उजवीकडे भुसावळ, दोन्हींना जोडणारी रेल्वे, तिच्यावर तापीची निळी रेघ, आणि कागदाच्या अगदी वरच्या कडेला त्रिकोणांची एक ओळ काढून त्यावर लिहिलेले : सातपुडा. अजिंठ्याचा डोंगर कुणी खाली काढतो, कुणी विसरतो.

चार वर्षांपूर्वी एका मुलाचा नकाशा वेगळा आला. हा मुलगा यावल तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावचा, तडवी मुसलमान घरातला. शिकायला जळगावात मामूकडे राहायचा. त्याच्या कागदावर सातपुड्याने निम्म्याहून जास्त जागा घेतली होती. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या आणि नाले एकेक करून काढलेले आणि नावासकट : सुकी, मोर, हडकाई, खडकाई, गूळ, अनेर. मोहाची झाडे कुठे, जंगल खात्याचा नाका कुठे, हेही होते. तापी खाली कुठेतरी, आणि जळगाव म्हणजे कागदाच्या कडेला पेन्सिलीचा एक ठिपका. आम्ही लाल शाईने 'प्रमाण चुकले' असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले. मधल्या सुट्टीत तो आला आणि हळूच म्हणाला, "सर, आमच्या घरून असंच दिसतं."

आम्ही हसून विषय टाळला. पण गेल्या वर्षात असे काही घडले की ते चार गुण पुन्हा पुन्हा आठवू लागले. ते काय घडले ते पुढे येईलच. आधी त्या मुलाच्या नकाशाबद्दल बोलू, कारण आता आम्हाला वाटते की भूगोल त्याचा बरोबर होता.

आपला खानदेश म्हणजे तापीचे खोरे. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. तिच्या उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे नर्मदा. दक्षिणेला अजिंठा आणि सातमाळ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीची टोके. मधली काळी जमीन कापसाची आणि केळीची. पुस्तकात एवढे असते आणि मुले ते पाठ करतात. ही काळी जमीन भिजते कशाने, तो प्रश्न परीक्षेत येत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा एक लांब पट्टा आहे. डोंगरातले नाले पावसाळ्यात जोरात उतरतात आणि ह्या पट्ट्यात येताच त्यांचे पाणी जमिनीत शिरते. दिवाळीनंतर त्यातले बरेच नाले कोरडे दिसतात, म्हणून रस्त्याने जाणाऱ्याला वाटते की इथे पाणीच नाही. ते पाणी खालून सरकत रावेर, यावल, चोपड्याच्या विहिरींना लागते. ज्या केळीला २०१६ मध्ये 'जळगावची केळी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, ती केळी हे पाणी पिऊन वाढते. आमच्या लहानपणी फैजपूर-सावद्याकडच्या नातेवाइकांच्या मळ्यात विहिरीत डोकावले की पाणी चमकायचे. आता त्याच मळ्यांत बोअर कित्येकशे फूट खाली जातात, आणि वर डोंगरातली झाडी विरळ झाली आहे. ह्या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मळेवाल्यांना कळत नाही असे नाही.

डोंगराचे हे देणे फार पूर्वी ज्यांना नीट समजले होते, ते आपल्याच शेजारी बुऱ्हाणपूरला होऊन गेले. बैरामखानाचे चिरंजीव अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोहेवाले रहीम, मोगलांतर्फे बुऱ्हाणपुरात होते. त्यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तिथे 'कुंडी भंडारा' बांधला गेला. सातपुड्यातून झिरपून येणारे पाणी जमिनीखालीच गाठायचे, ओळीने शंभराच्या वर कुंड्या खोदायच्या, त्या आतून बोगद्याने जोडायच्या आणि नुसत्या उताराने पाणी शहरात आणायचे. मोट नाही, बैल नाही. ही इराणकडची विद्या. बुऱ्हाणपूर रावेरहून काही फार लांब नाही, लग्नकार्याला आपले लोक जातातच. शाही किल्ला आणि जामा मशीद पाहून सगळे परततात, हा भंडारा मात्र थोडेच पाहतात. लिफ्टने खाली उतरून बोगद्यातले पाणी पाहता येते. मुलांना न्यावे.

आता नावाकडे येऊ. आपल्या घरांत, जलशांत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातही ऐकू येते की खानदेश म्हणजे खानांचा देश. आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात हेच सांगितले. यात खोटे काही नाही, पण हे पुरतेही नाही.

गोष्ट सुरू होते धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला, तापीच्या काठी. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेरची जहागीर दिली. हे घराणे आपला वंश हजरत उमर फारुक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून फारुकी. दिल्लीची पकड सैल झाली तेव्हा मलिक राजा स्वतंत्र झाले. १३९९ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि दफन थाळनेरलाच. तिथल्या फारुकी कबरींच्या घुमटांवरची दगडी नक्षी आजही पाहण्यासारखी आहे. शिरपूरपासून जवळ, तरी आम्हाला तिथे पोहोचायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

मलिक राजांचे पुत्र नासिरखान यांनी असीरगड घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. नाव दिले खुलताबादचे बुजुर्ग हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) यांचे, आणि पलीकडच्या काठावरच्या वस्तीला हजरत झैनुद्दीन शिराझी (रह.) यांच्या नावावरून झैनाबाद. गुजरातच्या सुलतान अहमदशहाने नासिरला 'खान' हा किताब दिला आणि त्यावरून मुलुखाला खानदेश म्हणू लागले, अशी जुनी परंपरा आहे. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'तही ती आली आहे. दुसरे अभ्यासक म्हणतात की मूळ नाव कान्हदेश. यादवांच्या काळात याच भागाला सेउणदेश म्हणत. आणि इथली बोली अहिराणी, म्हणजे अहिरांची, ती तर कोणत्याही किताबाहून जुनी असावी.

असीरगड घेण्याची हकीकत फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. गड होता आसा अहीर नावाच्या धनाढ्य गवळी सरदाराकडे. दुष्काळात त्याने कोठारे उघडून लोकांना धान्य वाटले, अशी त्याची ख्याती. नासिरखानाने त्याला निरोप पाठवला की शत्रूचे भय आहे, माझ्या घरच्या स्त्रियांना गडावर आसरा द्या. आसाने मोठ्या मनाने हो म्हटले. दोनशे डोल्या गडावर गेल्या आणि त्यातून हत्यारबंद शिपाई उतरले. आसा आणि त्याची मुले मारली गेली. हकीकत जशीच्या तशी घडली की नाही, यावर इतिहासकार वाद घालोत. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की कितीतरी पुस्तकांत ही युक्ती शाबासकीच्या सुरात सांगितलेली आम्ही वाचली, आणि मुलांना सांगतानाही तोच सूर लावला. पडद्यातल्या बायकांचे नाव घेऊन आसरा मागायचा आणि यजमानाचा गळा कापायचा, याला आपल्या दीनमध्ये जे नाव आहे ते शाबासकीचे नाही. अमानतीत खयानत आपल्या माणसाने केली तरी ती खयानतच. वर्गात हे सांगायला आम्हाला बराच उशीर झाला.

फारुकींचे राज्य दोनशे वर्षे टिकले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला. शाहजादा दानियालच्या नावावरून अकबराने सुभ्याचे नाव 'दानदेश' ठेवले. दानियाल चार वर्षांतच बुऱ्हाणपुरात दारूच्या नादात गेला, आणि ते नावही लोकांच्या तोंडी काही बसले नाही. पुढे १८१८ मध्ये इंग्रज आले, धुळ्याला कचेरी बसली आणि खानदेश हा एक अवाढव्य जिल्हा झाला. १९०६ मध्ये त्याचे दोन झाले : पूर्व खानदेशची कचेरी जळगावला, पश्चिम खानदेशची धुळ्याला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तेच जळगाव आणि धुळे जिल्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आणि गंमत पाहा, ज्या बुऱ्हाणपूर आणि असीरगडावरून खानदेशचा कारभार चालायचा, ती दोन्ही ठिकाणे आज मध्य प्रदेशात आहेत. खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत खानांची ही राजधानी नाही.

ह्या सगळ्या वाटण्या मैदानात झाल्या. महसूल मैदानात, बाजार मैदानात, म्हणून कचेऱ्याही मैदानात. डोंगर मात्र प्रत्येक वेळी कडेला पडला. कधी गुजरातच्या सुलतानांची कड, कधी माळव्याची, मग मोगलांची, होळकरांची, मुंबई इलाख्याची. 'आईने अकबरी'त नंदुरबार सरकार माळवा सुभ्यात दाखवले आहे. शहाद्याजवळचे सुलतानपूर तर फारुकी, माळवा आणि गुजरात यांच्या ओढाताणीत किती वेळा लुटले गेले त्याला सुमार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत ते जे उजाड झाले, ते पुन्हा नीट वसलेच नाही.

नंदुरबारची एक जुनी नोंद सांगण्याचा मोह आवरत नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादहून खंबातकडे जाताना नंदुरबारला थांबला होता. गाव लहान, वस्ती मराठ्यांची, लोक कारागिरीत हुशार, वैद्यक आणि ज्योतिष जाणणारे, खाणे भात, भाजी आणि तिळाचे तेल, जीव मारणे त्यांना आवडत नाही, आणि जेवणाआधी ते अंघोळ करतात, असे त्याने लिहिले. आपण ज्याला तहारत म्हणतो त्याच नजरेने तो शेजाऱ्यांच्या स्वच्छतेकडे पाहतो, हे आम्हाला फार भावले. पण तोही मैदानातल्या रस्त्याने गेला. उत्तरेला दिसणाऱ्या डोंगरात कोण राहते, हे त्याने विचारले नाही.

आज खरा डोंगरी जिल्हा म्हणायचा तर नंदुरबारच. सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात दर शंभरी एकोणसत्तर आदिवासी : भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, वसावे. अक्राणी तालुका तर पूर्ण सातपुड्यातच. त्याचे ठाणे धडगाव. तोरणमाळचे पठार आणि यशवंत तलाव याच तालुक्यात. महाराष्ट्रातल्या सातपुड्याचे सगळ्यांत उंच शिखर अस्तंभा, १३२५ मीटर, याच जिल्ह्यात. दिवाळीला तिथे यात्रा भरते, माणसे रात्रभर चढत असतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पाहायला तर दुरून लोक येतात. इथे सहा मेवासी संस्थाने होती, काठी त्यातलेच एक.

आपल्या वाचकांना अक्कलकुवा माहीत असते ते जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममुळे. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी १९८० च्या सुमारास ह्या आडबाजूच्या गावात हे काम सुरू केले आणि ते देशभर पसरले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, अल्लाह मगफिरत फरमावो. कितीतरी घरांची मुले तिथे शिकली. आम्ही त्यातल्या काहींना विचारले, गावाच्या वरच्या डोंगरात कोणते पाडे आहेत? एकालाही सांगता आले नाही. यात त्यांचा दोष काढत नाही. आमच्या शाळेतली मुले तरी कुठे सांगतात?

त्याच डोंगराच्या पलीकडे नर्मदा आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली जी ३३ गावे बुडाली ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली, मणिबेली त्यातले पहिले. कुणी खाली तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतीत उतरले, कुणी पाण्याच्या वर सरकून तिथेच राहिले. त्यांच्यासाठी दवाखाना बोटीवरून फिरतो. घर, शेत, कबरस्तान किंवा देवस्थान, सगळे पाण्याखाली सोडून जाणे काय असते, हे हिजरतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. जिल्हा वेगळा झाल्यावर धुळ्याची फेरी वाचली, हे खरे. पण जिल्ह्याची कचेरी पुन्हा तापीच्या दक्षिणेला मैदानातच आहे, आणि नर्मदाकाठच्या माणसाला एका दाखल्यासाठी आधी बोट, मग घाट, मग बस.

दाखल्यावरून आता त्या मुलाकडे येतो.

नंदुरबारकडेही तडवी आडनाव आहे, पण तिथले तडवी बहुतेक मुसलमान नाहीत. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल, रावेर, चोपडा पट्ट्यातले तडवी भिल्ल मात्र मुसलमान. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्यांचे धर्मांतर औरंगजेबाच्या काळातले सांगितले आहे. नमाज, रोजा, निकाह, मयत, सगळे आपल्यासारखे, आणि जमात भिल्ल. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीत 'तडवी भिल्ल' हे नाव स्पष्ट आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आपल्यातच फार गैरसमज आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. आदिवासी माणूस मुसलमान असला म्हणून त्याचे आदिवासीपण जात नाही. तडवी मुलाला सवलत मिळते ती 'मुसलमान म्हणून' नव्हे आणि 'मुसलमान असूनही' नव्हे. तो भिल्ल आहे म्हणून मिळते.

तो नकाशावाला मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी त्याचे आजोबा एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. खुर्चीवर बसायला तयार नव्हते, आग्रह केला तेव्हा टेकले.

"गुरुजी, पोऱ्याचं बारावीचं साल येतंय. जमातीचा दाखला हाये, पण पडताळणीत कागद अडकला."

पिशवीत सगळे नीट घड्या करून ठेवलेले. मुलाच्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'मुस्लिम तडवी'. आजोबांच्या दाखल्यावर 'तडवी'. पण पडताळणीत वजन असते ते १९५० च्या आधीच्या कागदाला, आणि त्या काळचा कागद एकच : पणजोबांचे शाळेतले नाव. त्यासमोर जात लिहिली होती 'मुसलमान'. बस, तेवढेच. विचारणा आली होती की पणजोबा नुसते मुसलमान, मग तुम्ही तडवी कधीपासून?

हे कुणी लिहिले? कुठल्यातरी मास्तराने. आमच्यासारख्याच. वर्षाच्या सुरुवातीला पोरांची रांग लागलेली, नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, पुढचा. ह्या पोराचे नाव मुसलमानी, म्हणून लिहिले मुसलमान. त्यात दुष्टावा नव्हता, सवय होती. आम्हीही कितीदा पालकाला न विचारता रकाना भरला आहे, ते अल्लाहला माहीत. आता कळते की तो रकाना ऐंशी-नव्वद वर्षे जिवंत राहतो आणि पणतवाच्या पायात येतो.

मग घरी चौकशी झाली. रीतिरिवाज, बोली, देवदेवता, यांची प्रश्नावली. जमातीशी आप्तभाव आहे का, ते त्यातून ठरवतात. देव कोणते, ह्या प्रश्नाला आजोबांनी सांगितले, "अल्लाह एक." मुसलमान भिल्लाने दुसरे काय सांगावे? तेवढ्याने आपले काम बिघडले की काय, अशी त्यांना रात्रंदिवस काळजी. आम्ही त्यांना समजावले की सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले आहे की आप्तभावाची चाचणी ही काही अखेरची कसोटी नव्हे, जुन्या कागदांना महत्त्व आहे. आजोबा म्हणाले, "कागदच तर आडवा आला ना, गुरुजी."

बोलता बोलता आणखी एक गोष्ट ते सांगून गेले. जळगावात नात्यासाठी एक चांगले घर पाहिले होते, मुलीकडच्यांनी जमात विचारली आणि विषय संपला. सरकार म्हणते तुम्ही मुसलमान, भिल्ल कसले. आपली बिरादरी म्हणते तुम्ही भिल्ल, आपल्यातले कसले. आजोबा हे हसत सांगत होते. आम्हाला चहाचा घोट गिळवेना, कारण त्या घरच्यांशी आमचीही उठबस आहे.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून आम्ही त्यांच्याबरोबर गावी गेलो. यावल सोडले की केळी, मग केळी विरळ होऊन तूर-कपाशी, आणि समोर सातपुडा वाढत वाढत जातो. गावात पोहोचेपर्यंत त्याने निम्मे आभाळ व्यापले होते. मुलाच्या घराच्या ओट्यावर बसलो तेव्हा तो म्हणाला, "सर, सुकी त्या बाजूला, मोर ह्या." नकाशाबद्दल त्याने काही म्हटले नाही, आम्हीही नाही.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी कपाट उघडून जुनी रजिस्टरे काढून दिली, भला माणूस. पण पहिले रजिस्टर मोडीत. उर्दू येते, मराठी येते, मोडी आम्हाला काळ्यावरची पांढरी रेघ. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना फार मागणी आहे, त्यामुळे मिळणे कठीण. शेवटी फैजपूरकडचे एक निवृत्त तलाठी तयार झाले. पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी चष्मा पुसून पणजोबांची ओळ वाचली. जात : मुसलमान. दाखल्यात होते तेच.

आजोबा उठायला लागले. तलाठी म्हणाले, "बसा हो चाचा, घरातली बाकीची पोरं कुठं शिकली?" पणजोबांचे चुलतभाऊ दोन, एक ह्याच शाळेत होता, आजोबांना आठवले. पाने उलटायला सुरुवात झाली. दीड तास गेला. पाच वर्षांनंतरच्या पानावर अक्षर बदललेले, म्हणजे मास्तर बदललेला, शाईही वेगळी. त्या चुलतभावाच्या नावासमोर ह्या नव्या मास्तराने लिहिले होते : मु. तडवी.

तलाठ्यांनी ते दोनदा वाचले. आजोबांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

उताऱ्याची साक्षांकित नक्कल मिळाली, मोडीच्या लिप्यंतरावर सही झाली, वंशावळ प्रतिज्ञापत्रासकट जोडली. दोन्ही चुलतभाऊ एकाच आजोबांचे नातू, हे दाखवायला वारसनोंदीचा जुना कागदही सापडला. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मुलगा नीटची तयारी करतोय. ज्यांच्या घरात जुने दाखले असतील त्यांनी पणजोबांच्या सख्ख्या आणि चुलत भावांचीही नावे शाळांत शोधावीत, आत्ताच, कागद वाळवीने खाण्याआधी.

ह्या जूनमध्ये आठवीला पुन्हा नकाशा काढायला लावला. ह्या वेळी सांगितले की आपापल्या घराच्या गच्चीवरून दिसतो तसा काढा. मेहरूणच्या एका मुलीने मेहरूणचा तलाव कागदभर काढला. सातपुडा तिच्या नकाशात नव्हता. आम्ही विचारले, तर म्हणाली, "सर, पाऊस पडून गेला की दिसतो. तेव्हा काढीन."